दसरा ते शिवरात्र, आमच्या टँकमधल्या शेवाळाचा सीझन

आधीच कबूल करून टाकते, आमच्या फिशटँकची मागची काच आत्ता हिरवीगार आहे. उगाच उद्या कोणी घरी यायचं आणि म्हणायचं की ही बाई शेवाळावर पानं भरून लिहिते आणि हिच्याच घरी बघा काय चाललंय. ती काच मी मुद्दाम तशी ठेवलीय, का ते पुढे येईलच. पण पुढची काच एकदम लख्ख आहे, आणि एवढं एक वाक्य छातीठोक म्हणता यायला मला अडीच वर्षं लागली, त्यात तीन गोगलगायी गेल्या (त्याचं अजून वाईट वाटतं) आणि नवऱ्याशी निदान चार भांडणं झाली.

२०१८ च्या जुलैत मुलाच्या वाढदिवसाला टँक आणला. दोन फूट बाय एक बाय एक, काठोकाठ भरला तर ५६ लिटर, खाली ग्रॅव्हल आणि वर थोडी जागा सोडली की साधारण ५० धरा. आम्ही पुण्यात, तिसरा मजला, आणि टँक ठेवला हॉलमध्ये खिडकीपासून दोन फुटांवर, कारण प्लग पॉईंट तिथे होता. हे लक्षात ठेवा, प्लग पॉईंट तिथे होता म्हणून. टँक कुठे ठेवायचा यावर आम्ही एवढाच विचार केला होता, सोफा कुठे ठेवायचा यावर मात्र दोन रविवार घालवले होते.

तिसऱ्या आठवड्यात काचेवर, दगडांवर, प्लास्टिकच्या झाडावरसुद्धा तपकिरी भुकटी बसायला लागली, कोको पावडर चाळणीतून भुरभुरावी तशी. बोट फिरवलं की जायची, दोन दिवसांत परत. दुकानात गेले तर दुकानदार म्हणाला, ताई, एक सकर टाका, सगळं चाटून साफ करील. दोन इंचाचा सकर आणला, काळा, ठिपक्यांचा, काचेला तोंड लावून चिकटायचा आणि मुलगा पलीकडून त्याच्या तोंडाला बोट लावून बसायचा. महिनाभरात तपकिरी थर गायब. आम्ही सगळ्यांना सांगत सुटलो की सकर म्हणजे काय कमालीचा मासा.

आता माहितीये की त्यात सकरचा वाटा असलाच तर चिमूटभर. ते डायटम होते, म्हणजे एकेका पेशीचं तपकिरी शेवाळ. बहुतेक नव्या टँकमध्ये पहिल्या दोन महिन्यांत कधीतरी येतात, त्यांच्या अंगावर सिलिकाचं म्हणजे जवळजवळ काचेचंच कवच असतं, नव्या पाण्यात सिलिका असते आणि टँकमधले बॅक्टेरिया अजून बसलेले नसतात. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, एक प्रकारचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राईट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट, आणि ही गाडी रुळावर यायला चार ते सहा आठवडे लागतात. गाडी रुळावर आली की डायटम बहुतेक वेळा आपले आपण जातात. म्हणजे आम्ही काहीच केलं नसतं तरी ते गेलेच असते. पण सकर आणला आणि ते गेले, म्हणजे सकरमुळे गेले. ही आमची पहिली चूक, आणि पुढची दोन वर्षं आम्ही हीच चूक वेगवेगळे कपडे घालून करत राहिलो.

सकरचं पुढे काय झालं ते सांगून टाकते. वर्षात तो नऊ इंच झाला. हा दक्षिण अमेरिकेतला मासा, पूर्ण वाढला तर फूट-दीड फूट होतो, दुकानदार दोन इंचाचा विकताना हे सांगत नाही. मोठा झाल्यावर शेवाळ खायचं त्याने जवळपास सोडूनच दिलं, दुसऱ्या माशांचं खाणं खाली पडलं की तेच खायचा आणि वर शेवयांसारखी लांबच लांब घाण करायचा, म्हणजे जे शेवाळ खायला आणलं त्याला खत पुरवायचं काम तो करायला लागला. शेवटी दुकानदाराच्या हातापाया पडून परत दिला. सोसायटीतल्या एका काकांनी सुचवलं होतं की नदीत सोडून दे, पुण्य लागेल. कृपा करून असलं पुण्य घेऊ नका. हा मासा आंध्र, केरळ, बंगालच्या पाण्यात असाच लोकांनी सोडून सोडून पसरलाय, आणि अंगावरच्या काटेरी चिलखतामुळे कोळ्यांची जाळी फाडतो.

असो. २०१८ च्या दिवाळीनंतर खरं शेवाळ आलं. हिरवं. आधी काचेवर गोल गोल कडक ठिपके, जे स्पंजने निघत नाहीत, त्याला जुनं एटीएम कार्ड किंवा ब्लेडच लागतं. मग झाडांवर केसासारखे धागे. मी दर रविवारी घासायचे, बुधवारपर्यंत परत हिरवं. मॅग्नेटवाला स्क्रेपर आणला, त्यात ग्रॅव्हलचा एक खडा अडकला आणि काचेवर कायमचा चरा पडला, तो अजून आहे, बरोब्बर मधोमध. मग बाटली आणली. शेवाळ घालवायचं औषध, निळसर पाणी, झाकणभर टाका. टाकलं. चौथ्या दिवशी तिन्ही गोगलगायी उलट्या पडलेल्या. लेबल भिंगातून वाचलं तर आत कॉपर सल्फेट. म्हणजे आपलं मोरचूद, द्राक्षबागांत बोर्डो मिश्रणात घालतात ते. तांब्याने शेवाळ मरतं हे खरंय, पण गोगलगायी आणि झिंगे त्याच्याहून आधी मरतात. घरात या दोघांपैकी काही असेल तर बाटलीवर कॉपर शब्द शोधा आणि सापडला तर बाटली जागेवर ठेवा.

पण मार्च आला आणि शेवाळ कमी झालं. एप्रिलमध्ये तर काच पंधरा पंधरा दिवस घासावी लागेना. मी म्हटलं बघा, बाटलीचा गुण आला, जरा उशिरा आला एवढंच.

२०१९ चा पावसाळा मस्त गेला, टँक इतका सुंदर दिसत होता की मी फोटो काढून स्टेटसला लावायचे. दिवाळीत आठ दिवस नागपूरला गेलो, माशांना खायला घालायचं काम शेजारच्या चिमुरड्याला दिलं. त्याने बिचाऱ्याने जीव ओतून केलं, डबा अर्धा रिकामा होता. परत आलो तर टँकमध्ये मासे दिसेनात. मेले नव्हते, पाणीच इतकं हिरवं झालं होतं की दिसत नव्हते, पालकाचं सूप. आणि मी घाबरून सगळ्यात वाईट तेच केलं, फिल्टरचा स्पंज काढून नळाखाली खसाखसा धुतला. नळाच्या पाण्यात क्लोरीन, त्याने स्पंजमधले बॅक्टेरिया मेले, अमोनिया वाढला, हिरव्या पाण्याला आणखी मेजवानी. स्पंज धुवायचाच असेल तर टँकमधून काढलेल्या पाण्यात बादलीत पिळा, तेवढं पुरतं.

अर्धं पाणी बदललं, दोन दिवसांनी पुन्हा तेच. कारण हे शेवाळ काचेवर नसतं, एक एक पेशी पाण्यात तरंगत असते आणि तिची संख्या भराभर दुप्पट होत जाते, त्यामुळे अर्धं फेकलं काय आणि पाऊण फेकलं काय, उरलेलं पुन्हा तेवढं व्हायला वेळ लागत नाही. गंमत म्हणजे माझ्या एका मित्राने हे ऐकून फोन केला, फेकू नकोस, मला दे. तो माशांच्या पिल्लांसाठी डॅफ्निया पाळतो, पाण्यातले पिसवांएवढे किडे, आणि त्यांना हिरवं पाणी म्हणजे बासुंदी. दोन कॅन भरून घेऊन गेला आणि जाताना थँक्यू म्हणाला. एकाच पाण्यावरून मी रडतेय आणि हा खूश.

मग वाचलं की ब्लॅकआऊट करा. लाईट बंद, टँक पूर्ण झाकायचा, तीन दिवस बघायचं नाही. घरातली सगळ्यात जाड सोलापुरी चादर काढली आणि टँकला गुंडाळली. आई म्हणाली मासे काय आजारी आहेत का, पांघरुण घातलंस ते. तिसऱ्या दिवशी चादर काढली, पाणी हिरवं नव्हतं, दुधी होतं, आणि मासे सगळे वर येऊन तोंड उघडून हवा खात होते. दोन नियॉन टेट्रा गेले. हे कोणी नीट सांगत नाही म्हणून मी सांगते, शेवाळ मेलं की ते पाण्यातच कुजतं आणि कुजताना ऑक्सिजन खातं, त्यातून अंधारात झाडंही ऑक्सिजन सोडत नाहीत. म्हणून ब्लॅकआऊटच्या काळात एअर पंप चोवीस तास चालू पाहिजे आणि चादर काढल्याबरोबर एक तृतीयांश पाणी बदललं पाहिजे. माझा एअर पंप होता, पण आवाज करतो म्हणून रात्री बंद असायचा. इतकं सोपं होतं ते.

पाणी स्वच्छ झालं, काचेवरचं आणि झाडांवरचं मात्र तसंच. जानेवारी फेब्रुवारी मी घासत होते. मार्चमध्ये पुन्हा कमी व्हायला लागलं आणि यावेळी श्रेय गेलं ब्लॅकआऊटला.

मग लॉकडाऊन लागला आणि मी घरात बसले. आणि २०२० च्या नोव्हेंबरात, एका मंगळवारी, साडेअकराच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून मी हॉलमध्ये चहा घेऊन बसले होते आणि टँककडे बघितलं तर टँक पेटल्यासारखा दिसत होता. ऊन. सरळ, थेट, खिडकीतून तिरकं आत आलेलं, टँकच्या उजव्या काचेवर आणि पुढच्या अर्ध्या काचेवर. मी उठून जवळ गेले. शेवाळ कुठे होतं? उजव्या काचेवर आणि पुढच्या अर्ध्या काचेवर. डावीकडे ऊन जिथे पोचत नव्हतं तिथे शेवाळ जेमतेम.

दोन वर्षं मी सकाळी नऊला बाहेर पडत होते आणि संध्याकाळी सातला घरी येत होते. हा टँक दुपारी कसा दिसतो हे मी सुट्टीच्या दिवशीसुद्धा कधी नीट बघितलंच नव्हतं.

आमची खिडकी दक्षिणेला आहे. उन्हाळ्यात सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, मे जूनमध्ये तर पुण्यात थोडा उत्तरेलाच जातो, त्यामुळे छज्जामुळे आत काहीच येत नाही. डिसेंबरात तो दक्षिणेकडे इतका उतरतो की भर दुपारी बाराच्या आसपाससुद्धा साधारण ४८ अंशांवरच असतो, आणि मग ऊन खिडकीतून तीन-चार फूट आत येतं. मुलाच्या भूगोलाच्या पुस्तकात हे सगळं होतं, मी त्याचा अभ्यासही घेतला होता. आम्ही दोघांनी मग जमिनीवर पेन्सिलने रेघ मारायला सुरुवात केली, दर रविवारी दुपारी साडेबाराला उन्हाची कड कुठे आहे ती. मोबाईलवर प्रकाश मोजायचं ॲप टाकलं. टँकच्या एलईडीखाली धरलं तर काही हजार लक्स, आणि खिडकीतल्या उन्हात त्याच्या कित्येक पट. थेट ऊन एक लाख लक्सच्या आसपास असतं. म्हणजे मी रोज एलईडी एक तास कमी करू का दोन तास यावर डोकं फोडत होते आणि इकडे रोज तीन तास सूर्य येऊन जात होता.

रेघांचा हिशोब असा निघाला की टँकवर ऊन यायला लागतं ते दसऱ्याच्या सुमारास आणि जातं ते शिवरात्रीच्या आसपास. आता मागे वळून बघा. दिवाळीनंतर शेवाळ, मार्चमध्ये कमी. दरवर्षी. बाटली, ब्लॅकआऊट, सगळ्यांना मी जे श्रेय दिलं ते सूर्याचं होतं, तो आपला उत्तरायणात जात होता आणि मी बाटलीला धन्यवाद देत होते.

हे सगळं मी जेवताना मोठ्या उत्साहाने आईला सांगितलं. ती म्हणाली, अगं, थंडीत ऊन तिथेच येतं की, म्हणून तर मी मटार सोलायला तिथे बसते. दोन वर्षं. तिला माहीत होतं. मला विचारायचं सुचलं नाही आणि तिला वाटलं मलाही माहीत असणार.

टँक हलवायचा विचार केला, पण ५० लिटर पाणी, ग्रॅव्हल, काच मिळून वजन सत्तर किलोच्या पुढे जातं, शिवाय भरलेला टँक हलवला तर सांधे सुटतात, आणि दुसरा प्लग पॉईंट काढायला भिंत फोडायची नवऱ्याची तयारी नव्हती. मग आईच्या जुन्या इरकली साडीचा खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला पडदा केला आणि टँकच्या उजव्या काचेला बाहेरून काळा कार्डपेपर चिकटवला. मटार सोलायची जागा तेवढी दोन फूट अलीकडे सरकली.

तीन आठवड्यांत फरक दिसला. पण संपलं नाही, आणि इथेच मला वाटतं बहुतेक लोक कंटाळून सोडून देतात, कारण मोठं कारण सापडलं की आपण धरून चालतो की सगळं त्याच्यामुळेच होतं. ऊन थांबल्यावर बाकीची छोटी कारणं उघडी पडली.

पहिलं म्हणजे लाईट. आमचा एलईडी मी संध्याकाळी सहाला लावायचे ते झोपताना बारापर्यंत. हे मला माहीत होतं. मला माहीत नव्हतं ते हे की सकाळी आई देवापुढे दिवा लावला की टँकचाही लाईट लावायची, मुक्या जिवांनी अंधारात का राहायचं म्हणून, आणि दुपारच्या झोपेआधी बंद करायची. सगळे मिळून तेरा-चौदा तास. टँकला सहा ते आठ तास पुरे होतात, झाडं असली तरी. साडेतीनशे रुपयांचा फिरकीचा टायमर आणला, दुपारी तीन ते रात्री दहा. त्यात एक गोची आहे, लाईट गेली की फिरकी थांबते आणि टायमर तेवढा मागे पडतो, आमच्याकडे गुरुवारी लाईट जाते, त्यामुळे दर शुक्रवारी तो पुढे सरकवावा लागतो. कधीतरी विसरते.

दुसरं म्हणजे खाणं, आणि हे खरं मोठं. टँकमध्ये जे खाणं जातं त्यातलं नायट्रोजन आणि फॉस्फरस कुठेही जात नाही, माशाच्या पोटातून गेलं काय किंवा तळाशी कुजलं काय, पाण्यातच राहतं, तुम्ही पाणी काढाल किंवा वाढलेली झाडं छाटून बाहेर टाकाल तेव्हाच ते घराबाहेर जातं. पुण्यातल्या पाषाण तलावात सांडपाणी येतं आणि जलपर्णी माजते ते हेच, फक्त आमच्या टँकमध्ये सांडपाण्याऐवजी फ्लेक्स येत होते. आणि कोण कोण घालत होतं ते ऐका. मुलगा शाळेच्या आधी एक चिमूट. आई दुपारी तीनला एक चिमूट, कारण ती चहाबरोबर मारी खाते तेव्हा मासे समोर येऊन तिच्याकडे बघतात. मी संध्याकाळी. आणि नवरा रात्री, "मागत होते म्हणून". मासा काचेजवळ आला म्हणजे त्याला भूक लागली असं नसतं, गप्पी मरेपर्यंत मागतच असतो, तो त्याचा स्वभाव आहे.

यावर चर्चा करून उपयोग झाला नाही, चार भांडणांपैकी दोन इथलीच. शेवटी आईची गोळ्यांची आठवड्याची डबी असते ना, सोम मंगळ बुध लिहिलेली, तसली एक नवी आणली. रविवारी रात्री मी सहा खणांत मोजून खाणं भरते, मासे दोन मिनिटांत संपवतील एवढंच. ज्याला प्रेम येईल त्याने त्या दिवसाचा खण रिकामा करायचा. खण रिकामा म्हणजे आज कोणीतरी घातलंय, दुसऱ्याने घालायचं नाही. सातवा खण रिकामाच, रविवारी उपवास. धडधाकट मोठ्या माशांना आठवड्यातून एक दिवस उपाशी ठेवल्याने काही होत नाही. आईने विचारलं की मग रविवार कशाला, एकादशीला ठेव ना. पण एकादशी पंधरा दिवसांनी येते, म्हणून रविवारच.

तिसरं पाणी. सगळे सांगतात दर आठवड्याला २५ टक्के पाणी बदला म्हणजे नायट्रेट कमी होतं. मी बदलत होते, तरी एप्रिल मे मध्ये नायट्रेट वाढलेलंच. थेंब टाकून रंग बघायचं किट येतं, त्याने एक दिवस टँकऐवजी नळाचंच पाणी तपासलं. उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत टँकरचं पाणी येतं, कुठल्या तरी बोअरचं, आणि त्यातच नायट्रेट भरपूर होतं. म्हणजे घाण पाणी काढून मी खतपाणी घालत होते. आता महापालिकेचं पाणी येतं त्या दिवशीच बदलते, ते रात्रभर बादलीत ठेवून, आणि टँकरच्या दिवसांत नुसतं वरचं आटलेलं भरते. तुमच्याकडे बोअर असेल तर आधी नळाचं पाणी तपासा, मग टँकवर संशय घ्या.

आणि चौथं, ज्याने मला वाटतं सगळ्यात जास्त काम केलं, ते म्हणजे मनी प्लांट. हो, तोच, बाटलीतला. प्लास्टिकची झाडं काढून टाकली, हॉर्नवर्ट आणि वॅलिसनेरिया लावलं, ही भराभर वाढणारी झाडं, शेवाळ जे खातं तेच खातात आणि त्याच्या आधी खातात. पण मनी प्लांटचं डोकं आणखी पुढचं. मुळं टँकमध्ये आणि पानं बाहेर, त्यामुळे कार्बन डायऑक्साईड त्याला हवेतून हवा तेवढा मिळतो, पाण्यातल्या झाडांना तो पाण्यातून मिळवायला झगडावं लागतं, आणि मुळांनी तो नायट्रेट शोषत राहतो. दोन फांद्या टँकच्या मागच्या कडेला अडकवल्या, पानं पाण्यात बुडू द्यायची नाहीत, तेवढं बघायचं. चार महिन्यांत मुळं एखाद्या साधूच्या दाढीसारखी खाली आली आणि वेल पडद्याच्या दांडीवर चढला. नायट्रेटच्या किटमधला लाल रंग हळूहळू केशरी आणि मग पिवळा झाला.

दाढीवरून आठवलं. सगळं शेवाळ गेलं तरी एक हटवादी राहिलं होतं, फिल्टरच्या तोंडावर आणि अनुबियास नावाच्या पाण्यातल्या झाडाच्या पानांच्या कडांवर काळे झुपके, दाढीच्या खुंटांसारखे. याला ब्लॅक बिअर्ड म्हणतात. घासून निघत नाही, हे जिवंत असेपर्यंत आमच्याकडचा कुठलाच मासा याला तोंड लावत नाही. नाव काळं असलं तरी हे खरं लाल शेवाळांच्या जातकुळीतलं, म्हणजे चायना ग्रास ज्या समुद्री शेवाळांपासून बनतं त्यांचं हे लांबचं भावंड. खात्री करायची असेल तर एक झुपका काढून स्पिरिटमध्ये टाका, हिरवा रंग उतरतो आणि लालसर दिसतो. यावर मी हायड्रोजन पेरॉक्साईड वापरलं, मेडिकलमध्ये मिळतं ते. पण बाटलीवर २० व्हॉल्यूम लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ ६ टक्के, आणि परदेशातले लोक जे डोस सांगतात ते ३ टक्क्यांचे असतात, त्यामुळे आधी तेवढंच पाणी घालून निम्मं करा. फिल्टर बंद करायचा, सुई काढलेल्या सिरिंजने थेट झुपक्यावर हळूहळू सोडायचं, दहा मिनिटांनी फिल्टर चालू. ५० लिटरला मी निम्मं केलेलं १० मिलीच्या वर एका वेळी कधी गेले नाही. बुडबुडे येतात, दोन-तीन दिवसांत काळे झुपके गुलाबी होतात, आणि गुलाबी झाले की आमचे मॉली मासे ते पुरणपोळीसारखं खातात. बाकी शेवाळाला मी कुठलंच औषध घालत नाही. एकाने निळसर हिरव्या चिकट थरासाठी अँटिबायोटिक टाकायला सांगितलं होतं, तो थर शेवाळ नसतोच, सायनोबॅक्टेरिया असतात म्हणून ते काम करतं हे खरंय, पण ज्या बॅक्टेरियांवर टँक चालतो त्यांच्या घरात अँटिबायोटिक ओतायची माझी हिंमत नाही. तो थर आमच्याकडे एकदाच आला, नळीने ओढून काढला, वास कुजक्या मातीसारखा, परत आला नाही.

शेवाळ खाणाऱ्यांबद्दल लोक फार विचारतात म्हणून थोडं. अमानो श्रिंप नावाचे झिंगे सगळ्यात कामाचे, ताकाशी अमानो या जपानी माणसामुळे ते प्रसिद्ध झाले, टँकमध्ये जंगलासारखी झाडं लावायची पद्धत जगभर नेणारा तोच, २०१५ मध्ये गेला. पण आपल्याकडे सहज मिळत नाहीत आणि महाग. नेराईट गोगलगायी काच अप्रतिम साफ करतात, फक्त जिथे तिथे खसखशीसारखी पांढरी अंडी चिकटवून ठेवतात, ती गोड्या पाण्यात मोठी होत नाहीत पण निघतही नाहीत. आणि हे शोधताना एक भारी गोष्ट सापडली, आपल्या दख्खनच्या नद्यांत दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारा एक मासा आहे, गारा मुल्या, कर्नल साईक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३९ मध्ये त्याची नोंद केली आणि शास्त्रीय नावात मराठी नावच ठेवलं, मळ्या. त्याला वाहतं, ऑक्सिजनवालं पाणी लागतं, म्हणून टँकमध्ये नको, पण कुठे वाहत्या ओढ्यात दगडाला चिकटलेला दिसला तर ओळख दाखवा.

मी शेवटी चार ओटो आणले, ओटोसिंक्लस, दीड इंचाचे, सकरचेच नातेवाईक पण वाढत नाहीत. त्यांचा प्रॉब्लेम उलटा आहे. टँक फार स्वच्छ असला तर ते उपाशी मरतात, पहिल्या चारातला एक तसाच गेला, पोट आत गेलेलं. तेव्हापासून मागची काच मी घासत नाही. पुढची आणि डावी आमची, मागची त्यांची. पाहुण्यांना सांगून सांगून कंटाळा आला तर मुलगा सांगतो, ते त्यांचं शेत आहे.

परवा ऊन बघितलं, कड टँकपासून एक वीतभर लांब आहे. साडी धुवून इस्त्री करून ठेवलीय, या रविवारी लावायची. आई म्हणतेय की मटारला अजून वेळ आहे, एवढी काय घाई.